पाच मिनिटांचं बायोस आणि १८०० रुपये: दुकानाकडून उत्तर

नमस्कार भाऊ,

आपला रिव्ह्यू वाचला. मधल्या दिवसांत आपले फोन उचलले गेले नाहीत, त्याबद्दल मनापासून माफी. काउंटरवर मी आणि एक पोरगा, आणि नेमकी कॉलेजच्या फॉर्मांची गर्दी. तरी आपल्याला भुसावळहून खेटा पडला, ते बरोबर झालं नाही.

पण आपण एक तारा देऊन जे लिहिलंत, "पाच मिनिटांच्या बायोस अपडेटला आठवडा लावला, १८०० रुपये उपटले, सर्व्हर आता पिठाच्या गिरणीसारखा वाजतो, जळगावात देण्यापेक्षा पुण्याला द्या", ते लोक वाचणार आणि त्यावरून मला माप लावणार. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गिरणीचं नंतर. आधी ती पाच मिनिटं.

बायोस म्हणजे मशीन चालू करणारा बोर्डातला मूळ प्रोग्राम. त्याचं अपडेट पाच-दहा मिनिटांचंच असतं, कबूल. पेन ड्राइव्ह लावायचा, फाइल निवडायची, हात जोडून बसायचं. पण त्यासाठी बोर्ड (मदरबोर्ड) आधी चालू तर व्हायला हवा! आपला दोन प्रोसेसरवाला बोर्ड २०१२ च्या पिढीतला, इंटेलच्या झिऑन ई५-२६२० या सर्व्हर प्रोसेसरच्या जोडीवर चालणारा. त्यात आपल्याला पुढच्या पिढीच्या २६८० व्ही२ ची जोडी टाकायची होती. निवड चांगलीच होती. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) तोच, रॅम तीच डीडीआर३, आणि सहा-सहा कोअरच्या (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) जागी दहा-दहा. (व्ही३ घेऊन आला असता तर मी दारातूनच परत पाठवलं असतं, त्याचा सॉकेट वेगळा आणि रॅम डीडीआर४.) अडचण एवढीच की व्ही२ बाजारात आले २०१३ मध्ये आणि आपल्या बोर्डातला बायोस त्याच्या आधीचा. नवा प्रोसेसर तो ओळखतच नाही. पंखे फिरतात, स्क्रीन काळी. बोर्डावर प्रोसेसरशिवाय अपडेट करायची सोय नव्हती. म्हणजे जुना प्रोसेसर लावून बायोस नवा करायचा आणि मगच नवी जोडी बसवायची, दुसरा रस्ता नाही.

आता जुने प्रोसेसर कुठे होते? ते आपण बोर्ड दुकानात आणायच्या आधीच विकून मोकळे झाला होतात. रिव्ह्यूत याचा उल्लेख नाही. मी पहिला प्रश्न हाच विचारला होता, आणि आपण हसत म्हणालात, "गेले ते, भाव चांगला आला." आला असेल. पण त्यानंतरची सगळी धावपळ माझ्या अंगावर आली.

या पिढीचा झिऑन इथल्या गोलाणी मार्केटमध्ये कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला नसतो, तिथे आता जिकडेतिकडे मोबाइल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक ओळखीचा आहे, त्याच्याकडून २६०९ मागवला. चार कोअरचा, आज कुणी फुकट नेणार नाही, पण या कामाला तोच लागतो. एकच पुरला. पहिल्या सॉकेटमध्ये एक असला की बोर्ड उठतो, दुसऱ्या बाजूचे रॅमचे स्लॉट तेवढे बंद राहतात. तो कुरिअरने यायला लागलेले दिवस म्हणजे आपला "आठवडा". आणि १८०० मध्ये काय आलं? कुरिअर, दोन्ही कूलर काढून साफ करणं, दोनदा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप), बायोस, नवी जोडी बसवणं, रात्रभर लोडवर टेस्ट. त्या २६०९ चा एक रुपया आपल्या बिलात लावलेला नाही.

शिवाय बोर्ड आला कसा, तेही सांगतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन्ही सॉकेट उघडे, वर प्लास्टिकची टोपी नाही. एका सॉकेटमध्ये २०११ पिना असतात, केसासारख्या. दुसऱ्या सॉकेटच्या कोपऱ्यात दोन पिना शेजारणीवर आडव्या पडल्या होत्या. त्या भिंगाखाली धरून, सुईच्या टोकाने, श्वास रोखून उभ्या केल्या. आधीचा आणि नंतरचा फोटो आपल्याला व्हॉट्सॲपवर गेला आहे, निळ्या टिकाही दिसतात. त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत, आणि मागितले असते तरी अन्याय झाला नसता.

आवाजाचं म्हणाल तर, बायोस बदलला की सगळी सेटिंग्ज मुळावर जातात, पंख्यांचीसुद्धा. मी पंखे मुद्दाम फुल स्पीडवर ठेवून दिले. आधी ९५ वॉटचे दोन प्रोसेसर होते, आता ११५ चे दोन आहेत, कूलर जुनेच, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो. एसी नसलेल्या खोलीत हा बोर्ड चोवीस तास चालणार, हे आपणच सांगितलं होतं. बायोसमध्ये फॅन मोड एक पायरी खाली आणा, आवाज बराच उतरेल. देताना सांगितलं होतं, पण तेव्हा आपल्याला गाडी गाठायची होती.

खरं तर सुरुवातीलाच मी म्हणालो होतो की कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग आणि घरचे फोटो ठेवायला एवढं धूड कशाला, छोटा सेकंडहँड ऑफिस पीसी घ्या. असा सर्व्हर सरासरी १५० वॉट जरी ओढत राहिला तरी महिन्याला १०८ युनिट होतात. त्यात माझं गिऱ्हाईक गेलं असतं, तरी सांगितलं.

"पुण्याला द्या" हे मात्र लागलं. इथल्या दोन दुकानांनी बोर्डाला हात लावला नाही म्हणून आपण माझ्याकडे आला होतात, हे आपलेच शब्द. जुन्या मालाला हात लावणारे थोडेच उरलेत आणि त्यांचं पोट अशा रिव्ह्यूंवरच चालतं किंवा बसतं. आपल्या खान्देशातला माणूस तोंडावर बोलतो, आपणही बिल देताना बोलला असता तर आवडलं असतं.

असो. यापुढे बिलावर कामाची फोड लिहून देण्याचा विचार आहे, फोनचंही काहीतरी बघतो. आपण कधीही या, फॅन मोड लावून देईन, पैसे नाहीत. तारे वाढवा असं म्हणत नाही. जुने प्रोसेसर आधीच विकले होते, एवढं एक वाक्य फक्त रिव्ह्यूत घाला.

आपला,
दुकानमालक, जळगाव