पहिल्या आठवड्यातली पिशवी

मोठी पोस्ट आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी यंदा विद्यापीठात पाऊल टाकतंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, ही मनापासून विनंती.

गेल्या वर्षी लेकीला विद्यापीठात सोडायला गेले होते. हॉस्टेलची खोली ताब्यात घेतली, गादीवर चादर घातली आणि नावनोंदणीच्या हॉलमध्ये गेलो. दारातच एक लांबलचक टेबल आणि त्यावर पिशव्यांचे दोन ढीग, एक गुलाबी, एक गडद निळा. टेबलामागचा मुलगा समोरच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघायचा आणि त्याचा हात आपोआप एका ढिगाकडे जायचा. नाव नाही, विषय नाही, काही विचारायचंच नाही. लेकीच्या हातात गुलाबी पिशवी आली. 'वेलकम किट' म्हणे.

खोलीवर येऊन तिने ती पलंगावर उलटी केली. गुलाबी रेझर. फेसवॉशचं पाऊच, त्यावर 'पहिलं इम्प्रेशन एकदाच पडतं'. पार्लरचं कूपन. वजन कमी करायच्या कोर्सचं कूपन. माझ्या अठरा वर्षांच्या, पंचेचाळीस किलोच्या मुलीला. आणि एक चकचकीत कार्ड: शुक्रवारी फ्रेशर्स नाइट, मुलींना अकरापर्यंत प्रवेश मोफत, पहिलं ड्रिंक आमच्याकडून.

तिच्या रूममेटचा जुळा भाऊ तिथेच शिकायला आलेला, तो बहिणीचं सामान चढवायला मदत करत होता. त्याची निळी पिशवी आम्ही शेजारी रिकामी केली. कोडिंग कोर्सवर सवलत. शेअर बाजाराच्या वर्कशॉपचं पत्रक. बँकेत खातं उघडायचा फॉर्म. एनर्जी ड्रिंकचा कॅन. आणि तेच कार्ड, तीच शुक्रवारची रात्र, तीच जागा. मजकूर मात्र वेगळा. त्याच्या कार्डावर चार मुलींचा फोटो होता, मानेच्या वर कापलेला, एकीचाही चेहरा नाही. खाली लिहिलं होतं: 'नवी बॅच आली आहे. तू येतोयस ना?'

ती दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवून आम्ही बराच वेळ बघत बसलो. लेकीच्या कार्डावर तिला आमंत्रण होतं, आणि त्याच्या कार्डावर तिची जाहिरात होती. प्रवेश मोफत का, याचं उत्तर तिच्या कार्डावर कुठेच नव्हतं. ते त्याच्या कार्डावर छापलेलं होतं.

माझी मुलगी कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेली आहे. कोडिंगचं कूपन तिच्या पिशवीत नव्हतं. ती खाली जाऊन म्हणाली, मला निळी पिशवी द्या. तो मुलगा अगदी सभ्यपणे म्हणाला, "ते मुलांचं किट आहे. भावासाठी हवंय का?"

हे मी का लिहितेय ते सांगते. कुणी म्हणेल, पिशवीच ती, टाकून द्यायची. पण पहिला आठवडा हा साधा आठवडा नसतो. मूल घरातून निघालेलं असतं आणि नव्या ठिकाणी अजून रुजलेलं नसतं. कुणाशी बोलायचं, काय घालायचं, कशावर हसायचं, कशाला नाही म्हणायचं, सगळं चाचपडत चाललेलं असतं. त्या दिवसांत जो कुणी आत्मविश्वासाने सांगेल की 'इथे असं असतं', त्याचं खरं वाटतं. बाजाराला हे पक्कं ठाऊक आहे. बँक असो, मोबाइल कंपनी असो, क्लब असो, सगळ्यांना हाच आठवडा हवा असतो, कारण या वयात लागलेली सवय पुढे वर्षानुवर्षं राहते. आणि त्याच आठवड्यात आपण मुलींना सांगतो की तुझं काम दिसणं, आणि मुलांना सांगतो की तुझं काम निवडणं.

ही काही एखाद्या आगाऊ छपाईवाल्याची चूक नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठाजवळ, नवी मुलं हॉस्टेलमध्ये सामान आणत होती त्याच दिवशी, तिथल्या एका फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे एकाच घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळाच्या, मुलांनी घराच्या गॅलरीतून मोठमोठी बॅनर सोडली होती. एकावर लिहिलं होतं, नव्या मुली इथे आणून सोडा. दुसऱ्यावर, आईलाही सोडून जा. तो फोटो मी तेव्हा पाहिला होता आणि चीड येऊन विसरूनही गेले होते. मुलीची चादर घालताना तो आठवला. सोडून जाणाऱ्या आईच्या जागी आता मी होते.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये पुरुषांच्या रग्बी क्लबने नव्या विद्यार्थ्यांच्या मेळ्यात जी पत्रकं वाटली, त्यांत मुलींबद्दल आणि समलैंगिकांबद्दल गलिच्छ मजकूर होता. सभासद मिळवायला काढलेली पत्रकं होती ती! तिथल्या विद्यार्थी संघटनेने क्लबच बरखास्त केला. मला ते फार योग्य वाटलं. कारण 'आमच्यात या' असं म्हणताना तुम्ही जे दाखवता, तेच तुम्ही आहात.

आपल्या भाषेतही मुलीसाठी 'माल' हा शब्द वापरणारे आहेत. तो शब्द ऐकला की आपण कानांवर हात ठेवतो. पण क्लबचा हिशेब त्या शब्दाहून वेगळा कुठे आहे? मुलींना मोफत आत घ्यायचं, म्हणजे मुलं पैसे मोजून येतील. ज्याच्याकडून पैसे घेतले जातात तो गिऱ्हाईक. जिला फुकट आत घेतलं जातं, ती मग काय?

यावर ठरलेलं उत्तर येतं: मुलींना फुकट मिळतंय, तर मुलींनी तक्रार करावी कशाला? तक्रार मुलांनीही केलेली आहे. कॅलिफोर्नियात एका तरुणाने थेट खटला भरला होता, की कार धुण्याच्या दुकानांत आणि नाइटक्लबांत बायकांना सवलत आणि मला पूर्ण दर, हे का? १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या निकालात न्यायालयाने हेही नोंदवलं की अशी किंमत साचेबद्ध समजुती घट्ट करते आणि त्याचं नुकसान स्त्री आणि पुरुष दोघांना सोसावं लागतं. मी पुन्हा पुन्हा सांगते ते हेच. चाळीस वर्षं झाली त्या निकालाला.

मुलांच्या नुकसानाबद्दल खरंच कुणी बोलत नाही. तो जुळा भाऊ लाजाळू आहे. 'तू येतोयस ना?' हे कार्ड हातात घेऊन तो उभा होता तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला. बहीण शेजारी, बहिणीची मैत्रीण समोर, आणि हातात बिनचेहऱ्याच्या मुलींचा फोटो. त्याने ते कार्ड पटकन उलटं ठेवलं. त्याला वाईट वाटलं होतं. पण शुक्रवारी सगळा मजला निघाल्यावर 'मला नाही यायचं' असं म्हणायला नव्या जागी केवढं बळ लागतं! मग पुढच्या वर्षी तोच मुलगा टेबलामागे उभा राहून कार्डं वाटतो.

ही जाहिरात थेट गुन्हा घडवते असं माझं म्हणणं नाही. पण ती कुठल्या जमिनीवर पडते ते बघा. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेने २०१० मध्ये विद्यार्थिनींची पाहणी प्रसिद्ध केली. दर सातांपैकी एकीने सांगितलं होतं की शिकत असताना तिच्यावर गंभीर शारीरिक किंवा लैंगिक हल्ला झाला. अमेरिकेत तर पहिल्या सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांना 'रेड झोन' असं नावच पडलंय, कारण नव्या मुलींना तेव्हा सर्वांत जास्त धोका असतो. आणि २०१५ मध्ये तिथल्याच एका मोठ्या बिअर कंपनीच्या बाटलीवर छापून आलं होतं की आजच्या रात्रीपुरता तुमच्या शब्दकोशातून 'नाही' काढून टाकणारी ही बिअर आहे. लोक खवळल्यावर कंपनीने चूक कबूल केली. ते वाक्य कुणीतरी लिहिलं, कुणीतरी तपासलं, कुणीतरी मंजूर केलं, छापलं, बाटल्यांवर चिकटवलं. एवढ्या हातांतून गेलं, आणि 'नाही' या शब्दावर किती मुलींची सुरक्षितता उभी असते हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

आता त्या कोडिंगच्या कूपनाकडे येते, कारण मला ते कार्डाइतकंच लागलं.

अमेरिकेत १९८४च्या सुमाराला कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेणाऱ्यांत सुमारे ३७ टक्के मुली होत्या. पुढे हा आकडा घसरत घसरत १८ टक्क्यांच्या आसपास आला. वैद्यक, कायदा या क्षेत्रांत मुली वाढत होत्या, आणि इथे मात्र कमी होत होत्या. त्याच सुमाराला घरात वापरायचे कॉम्प्युटर बाजारात आले होते आणि त्यांच्या जाहिराती मुलग्यांना आणि त्यांच्या वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असायच्या. जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर या संशोधकांनी नव्वदच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांशी वर्षानुवर्षं बोलून हे उलगडलं. कॉम्प्युटर घरी यायचा तो बहुधा भावाच्या खोलीत. मुलगी बुद्धीने तेवढीच, आवडही तेवढीच, पण पहिल्या वर्षी वर्गात आल्यावर तिला दिसायचं की शेजारचे मुलगे लहानपणापासून यावर बसलेले आहेत. तिला वाटायचं, हे आपलं काम नाही. आणि ती गळायची.

विद्यापीठाने मग काय केलं? आधी प्रोग्रॅमिंग येत असलंच पाहिजे ही अपेक्षा सोडली, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी वेगळी सुरुवात ठेवली, प्रवेशाचे निकष बदलले. १९९५ मध्ये तिथे कॉम्प्युटर सायन्सच्या नव्या तुकडीत ७ टक्के मुली होत्या. २००० मध्ये ४२ टक्के. पाच वर्षांत मुलींचे मेंदू बदलले नव्हते. दारात त्यांना जे सांगितलं जात होतं, ते बदललं होतं.

हे सगळं माहीत असलेल्या जगात, त्या विषयाला प्रवेश घेतलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी कुणी सांगतं, ते मुलांचं किट आहे, भावासाठी हवंय का.

चांगल्या हेतूने केलेलंही किती वाया जाऊ शकतं याचा एक नमुना सांगते. मुलींनी विज्ञानाकडे वळावं म्हणून युरोपियन कमिशनने २०१२ मध्ये एक व्हिडिओ काढला. त्यात उंच टाचांचे बूट, लिपस्टिक, उधळलेली रंगीत पावडर, आणि चष्म्यातून बघणारा एक पुरुष वैज्ञानिक. शास्त्रज्ञ स्त्रियांनीच असा जोरदार विरोध केला की काही दिवसांत तो मागे घ्यावा लागला. लिपस्टिक लावणं वाईट नाही, मी रोज लावते. पण प्रयोगशाळेत यायचं आमंत्रण देताना प्रयोगशाळा दाखवा ना!

त्या गुलाबी रेझरबद्दल थोडक्यात. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये जवळजवळ ८०० वस्तूंच्या किमती ताडून पाहिल्या होत्या. बायकांसाठीच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग, आणि अंगाला लावायच्या, न्हाण्याधुण्याच्या वस्तू १३ टक्के महाग निघाल्या. मोफत मिळालेला तो रेझर ही पुढच्या खरेदीची पहिली पायरी असते, एवढंच लक्षात ठेवायचं.

मग राग कुणावर काढायचा? कंपनी विकायलाच बसलेली आहे. टेबलामागचा मुलगा तर स्वतः जेमतेम वीस वर्षांचा. ब्रिटनमध्ये २०१९ पासून जाहिरातींना नियम आहे की स्त्री-पुरुषांबद्दलचे घातक साचे दाखवायचे नाहीत. चांगला नियम आहे. पण असे नियम बहुतेक वेळा कुणी तक्रार केल्यावर हलतात, आणि तोवर तो आठवडा संपलेला असतो, मुलांच्या मनात जे बसायचं ते बसलेलं असतं. म्हणून मी विद्यापीठाकडे बोट दाखवते. हॉल त्यांचा. स्टॉलचं भाडं त्यांना मिळतं. पिशवीवर बोधचिन्ह त्यांचं होतं. आपल्या मुलांपर्यंत पोचायची वाट त्यांनी विकलेली आहे, तर त्या वाटेवरून काय जातंय हे बघणं त्यांचंच काम आहे.

मी पत्र लिहिलं. दोन्ही कार्डांचे फोटो जोडले. उत्तर आलं की स्वागत सप्ताहाचं काम बाहेरच्या एजन्सीला दिलेलं आहे आणि तुमच्या भावना त्यांच्यापर्यंत पोचवल्या जातील. मी परत लिहिलं की या माझ्या भावना नाहीत, ही तुमच्या बोधचिन्हाखाली छापलेली दोन कार्डं आहेत. त्यावर उत्तर आलं नाही. मला वाटलं, संपलं.

लेकीने मात्र मला न सांगता दुसरीच वाट धरली होती. यंदा नव्या मुलांच्या स्वागताला लागणाऱ्या स्वयंसेवकांत तिने नाव दिलं. तो जुळा भाऊही गेला तिच्याबरोबर. बैठकीत तिने ती दोन कार्डं टेबलावर ठेवली, एवढंच केलं म्हणाली, भाषण वगैरे नाही. आधी कुणी हसलं, मग हसू थांबलं. मुलग्यांनीही पहिल्यांदाच मुलींचं कार्ड वाचलं होतं, आणि मुलींनी मुलग्यांचं. वर्षभर एका वर्गात बसूनही कुणी एकमेकांना ती दाखवली नव्हती.

परवा रात्री तिचा फोन आला. मागे नुसता प्लॅस्टिकचा चुरचुराट. म्हटलं, काय चाललंय? "पिशव्या भरतोय, आई. साडेचारशे आहेत." कोणत्या रंगाच्या, मी विचारलं. साध्या कापडी, सगळ्यांना एकच, म्हणाली. कोडिंगचं कूपन सगळ्यांत. बँकेचा फॉर्म सगळ्यांत. रात्री एकट्याने परतायचं असेल तर कुणाला फोन करायचा तो नंबर सगळ्यांत. क्लबवाल्यांना त्यांनी कळवलं, एकच दर आणि एकच कार्ड असेल तर ठेवू. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

"आणि रेझर?"

"ते एका टोपलीत टेबलावर ठेवलेत. ज्याला हवं त्याने घ्यावं. बरं, ठेवते, अजून दोनशे भरायच्यात."