एप्रिलची फळी म्हापशाच्या बाजारातून भरते

ईस्टरनंतरच्या रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात शेजारपाजारचे बारा-पंधरा जण जमतात. यंदा दोघीतिघींनी विचारलं, "तुझ्या त्या शार्कूटरी बोर्डवरचं सगळं मागवतेस कुठून?" शार्कूटरी बोर्ड म्हणजे लाकडी फळीवर मांडलेलं टिकवलेलं मांस आणि त्याबरोबरचं चीज, फळं वगैरे खाणं. म्हणून सविस्तर लिहिते. मागवत काहीच नाही. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाते.

पहिल्या वर्षी मीही पाकिटातली परदेशी सलामी, ऑलिव्ह, ब्लूबेरी असं सगळं आणलं होतं. भरपूर पैसे गेले. गोव्यातला एप्रिल, अंगणात मांडलेली फळी. अर्ध्या तासात सलामीला तेल सुटलं, चीज पसरलं, निम्मं टाकून द्यावं लागलं. अन्न टाकल्याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं: ज्या हवेत माणसं बसणार, त्याच हवेत तयार झालेलं फळीवर हवं.

शार्कूटरी म्हणजे मुळात डुकराचं मांस मीठ लावून, वाळवून, धुरी देऊन टिकवायची फ्रेंचांची कला. गोव्यात तिचं नाव चोरीस. मांसाचे तुकडे मिठात मुरवायचे, माडाच्या सुरेचं व्हिनेगर, लाल मिरची, आलं-लसूण आणि मसाला लावायचा, आतड्यात भरून कडक उन्हात वाळवायचं. पावसाळ्याची ही बेगमी, इथल्या बोलीत पुरुमेंत. बाजारात बायका माळा मांडून बसतात; मी छोट्या मण्यांची घेते. पण कळकळीने सांगते, चोरीस सलामीसारखा कच्चा मांडू नका. तो शिजवूनच खायचा. थोड्या पाण्यात शिजवा, पाणी आटलं की त्याच्याच चरबीत कांदा परता. वरून तेल नको, मीठ तर नकोच. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, कोंड्याची पोई (गोल पाव) चिरून तिच्यात गरम गरम भरा.

त्या आंबट-तिखटाला समोर काय हवं, तर बोंडू. काजूचं हे फळ झाडावरून पडलं की दिवसभरात उतरतं, त्यामुळे ते कुठल्याही दूरच्या दुकानात मिळायचं नाही. गोल चकत्या करा, मीठ चोळा आणि माणसं बसल्यावरच मांडा. नुसता खाल्ला तर घसा धरतो. मिठाने तो तुरटपणा बराच कमी होतो. शेजारी सोललेले ओले काजूगर. मिरची काय, काजू काय, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेच्या बाजूने आलेली. आज त्यांच्याशिवाय इथली चूल पेटत नाही.

मानकुराद आंबा सुरुवातीला डझनाला काही हजारांवर असतो, म्हणून मी दोन-तीनच घेते आणि पातळ फोडी करते. त्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. कैरीचं मिस्कूट, म्हणजे लोणचं, वाटीभर, करवंदं मिळाली तर पानावर तशीच. प्यायला कोकमाचं सरबत, आणि घेणाऱ्यांना हुर्राक. काजूच्या रसापासून गाळलेल्या दारूची ही पहिली धार, हंगाम सरला की तीही संपते.

मांस एका फळीवर, बाकी सगळं केळीच्या पानावर वेगळं. चमचे, सुऱ्यासुद्धा वेगळ्या. आमच्या दोन शेजारणी शाकाहारी आहेत, त्यांना प्रत्येक गोष्ट विचारून उचलावी लागू नये. हे मला फळीच्या देखणेपणापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. फोटोसाठी रंग जुळवण्यात वेळ घालवू नका, चोरीस गार होतो.

यंदा पलीकडच्या घरातली आजी काठी टेकत आली. पदराखाली झाकलेली बरणी तिने फळीच्या मधोमध ठेवली. गेल्या वर्षी मिठाच्या पाण्यात घातलेली चेपणीची तोरं, म्हणजे कैऱ्या. मिस्कुटाची वाटी मी कडेला सरकवली. सगळ्यात आधी बरणी संपली, आणि ती आजीने रिकामीच परत नेऊ नये म्हणून मी तिच्यात बोंडाच्या उरलेल्या चकत्या भरून दिल्या.