पिल्लाला पळवून हाडं मजबूत होत नाहीत

मोठ्या जातीची कुत्री पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज सतत फिरत असतो. गेल्या महिन्याभरात तो मला पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांच्या घरी तीन-साडेतीन महिन्यांची लॅब्राडॉरची पिल्लं आहेत. मेसेजचा मतलब असा: लॅब, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांचं पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रोज पळवायला लागा, म्हणजे हाडं घट्ट होतात, सहाव्या महिन्यापासून सायकल किंवा स्कूटरबरोबर न्या, दमलं की ते आपणहून थांबतं, काळजी नको, जिने चढवा-उतरवा, मागचे पाय भक्कम होतील, कॅल्शियम चालू ठेवा, आणि पिल्लू गुटगुटीत दिसलं पाहिजे. यातलं जवळपास प्रत्येक वाक्य पिल्लाच्या पायांवर उठणारं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी हाडांचं. लॅबचं पिल्लू जन्मतं तेव्हा जेमतेम अर्धा किलोचं असतं आणि वर्षभरात पंचवीस-तीस किलोंवर जातं. एवढी वाढ पायाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ होते, तिथल्या कूर्चेच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भागाच्या, पातळ थरात. एक्स-रे बघितलात तर पांढऱ्या हाडात टोकाजवळ एक काळी रेघ दिसते. ती चीर नव्हे, तिथे अजून हाड व्हायचंय. मोठ्या जातींत हे थर साधारण बारा ते अठरा महिन्यांत बुजतात, ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्डसारख्या अगडबंब जातींत दोन वर्षांपर्यंतही लागतात. तोवर तो थर शेजारच्या हाडापेक्षा आणि सांध्याच्या बंधांपेक्षाही कच्चा असतो. पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं शेजारी-शेजारी वाढतात. त्यातल्या एकाचा खालचा थर शंकूच्या आकाराचा असल्यामुळे जोराच्या दणक्याने तो चेपला जाऊ शकतो. मग ते हाड वाढायचं थांबतं, दुसरं वाढत राहतं आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. हाडाला हालचाल हवीच, यात वाद नाही. पण डांबरी रस्त्यावर एकाच चालीत किलोमीटरभर पळवणं आणि मातीत हुंदडणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘दमलं की थांबतं’ हे वाक्य मीही एकेकाळी खरं मानलं होतं. माझा पहिला जर्मन शेफर्ड, सुलतान, सात महिन्यांचा असताना मी त्याला पहाटे रंकाळ्याच्या कडेने सायकलला बांधून पळवत असे. तो थांबायचा नाही. जीभ बाहेर, कान मागे, पण शेपूट हलत असायची, आणि मला वाटायचं, किती खूश आहे. एके दिवशी सकाळी उठून तो पुढचा उजवा पाय टेकेचना. पंजा जमिनीपासून दोन बोटं वर धरून माझ्याकडे बघत उभा राहिला. खांद्याच्या सांध्यातल्या कूर्चेचा एक पापुद्रा सुटला होता. तो काढायला शस्त्रक्रिया करावी लागली. नुसत्या पळण्याने हे झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. जात, वाढीचा वेग, खाणं, सांध्यावरचा ताण, सगळं मिळून होतं, असं त्यांनी सांगितलं. पण जात माझ्या हातात नव्हती. सायकल होती, आणि कॅल्शियमची बाटलीही होती.

मोकळं सोडलेलं पिल्लू बघा: वीस पावलं धावतं, थबकतं, काहीतरी हुंगतं, लोळतं, पुन्हा उठतं. आपल्या ताकदीचा हिशेब ते स्वतः ठेवतं. पट्टा सायकलला अडकवला की तो हिशेब आपल्या हातात येतो, आणि आपल्यामागे राहायचं नाही एवढंच त्याला कळतं. माणसामागे धावणं त्याच्या रक्तात आहे. त्याच्या निष्ठेला दमाचं मोजमाप समजू नका.

जिन्याबद्दल तर अभ्यासच आहे. नॉर्वेत न्यूफाउंडलंड, लॅब्राडॉर, लिऑनबर्गर आणि आयरिश वुल्फहाउंड या चार मोठ्या जातींच्या 501 कुत्र्यांचा पिल्लूपणापासून मागोवा घेतला गेला, तो 2012 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत जी पिल्लं रोज जिने चढत-उतरत होती, त्यांच्यात खुब्याचा सांधा सैल आणि वेडावाकडा होण्याचं, म्हणजे हिप डिस्प्लेशियाचं, प्रमाण जास्त निघालं. आणि त्याच वयात ज्यांना बाहेर मोकळं हिंडायला मिळालं, त्यांच्यात कमी. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं उलटं सांगितलंय. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहत असाल आणि लिफ्ट नसेल, तर पहिले काही महिने पिल्लाला उचलून न्या. एक हात छातीखाली, एक ढुंगणाखाली. उचलवेनासं झालं की पट्टा आखूड धरून एकेक पायरी, सावकाश.

जिन्याइतकीच मला आपल्या घरातल्या गुळगुळीत फरशीची काळजी वाटते. दाराची बेल वाजली की पिल्लू सुसाट निघतं, वळणावर मागचे दोन्ही पाय फाकून घसरतं आणि आपण हसतो. दिवसातून दहा वेळा तेच. दारापासून सोफ्यापर्यंत एक सतरंजी किंवा गोणपाट अंथरा, खर्च काहीच नाही.

आता कॅल्शियम. 1980च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठात ग्रेट डेनच्या पिल्लांवर प्रयोग झाले. जादा कॅल्शियम दिलेल्या पिल्लांचे सांगाडे जास्त बिघडले. याचं कारण असं की वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम बऱ्याच अंशी शोषायचं टाळतं, लहान पिल्लाला ते जमत नाही. पोटात पडेल त्यातला मोठा वाटा अंगात जातो आणि कूर्चेचं हाडात होणारं रूपांतर बिघडतं. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी बनवलेल्या चांगल्या तयार खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, वरून बाटली ओतायची गरज नसते. पिल्लू घरच्या भात-चिकनवर वाढत असेल तर गोष्ट वेगळी. त्यात कॅल्शियम खरंच कमी पडतं. पण किती द्यायचं हे डॉक्टरांनी वजन आणि वय बघून ठरवायचं, मेडिकलवाल्याने नव्हे.

गुटगुटीतपणाचा मोह आपल्याकडे बाळांपासूनच आहे. अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या भावंडांतून जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं, तेही आयुष्यभर. सडपातळ राहिलेल्यांच्या खुब्याचे सांधे चांगले राहिले, आणि आयुष्य मध्यकाने (म्हणजे निम्मी याहून जास्त जगली, निम्मी कमी) 13 वर्षं भरलं. पोटभर खाणाऱ्यांचं 11.2. जवळजवळ दोन वर्षं! हाताची मूठ वळा आणि मुठीच्या पाठीवरून बोट फिरवा. बरगड्या तशा टोकदार लागल्या तर पिल्लू हडकुळं. पंजा उलटा पसरून पाठीवरून बोट फिरवताना हाडं पातळ आवरणाखाली जाणवतात, तशा लागल्या तर बेताचं. दाबून शोधाव्या लागल्या तर खाणं कमी करा.

काही जण या मेसेजला उत्तर म्हणून दुसरा मेसेज पाठवतात: वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटं, चार महिन्यांच्या पिल्लाला वीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. या आकड्याच्या पाठीशी अभ्यास नाही. रस्त्यावर पट्ट्याने चालवताना मर्यादेची आठवण म्हणून तो वापरा, पण अंगणात हुंदडणाऱ्या पिल्लाला घड्याळ बघून पिंजऱ्यात कोंडू नका. लसी पूर्ण झाल्या की माती किंवा गवत असलेलं मोकळं मैदान द्या. गवतात खाऊ लपवून शोधायला लावा, त्याने ते जितकं दमतं तितकं पळून दमत नाही. त्याच्याच वजनाच्या पिल्लांशी खेळू द्या. चेंडूसाठी हवेत उड्या, मोटारीच्या डिकीतून खाली उड्या आणि मोठ्या कुत्र्याशी धक्काबुक्की मात्र टाळा. सलग पळवायचंच असेल तर डॉक्टरांनी हाडं पक्की झाल्याचं सांगितल्यावर, तेही हळूहळू वाढवत. उन्हाळ्यात हाताची पाठ रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

आणि पिल्लू लंगडायला लागलं, तर ‘वाढीचं दुखणं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. असं एक दुखणं खरंच असतं, जर्मन शेफर्डमध्ये जास्त, आज या पायात तर पुढच्या आठवड्यात त्या पायात. पण ते तेच आहे हे एक्स-रेशिवाय ठरत नाही. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन तर अजिबात देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी ठरू शकतात. दवाखान्यात जाण्याआधी पिल्लू घरात झोपून उठल्यावर कसं चालतं याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, समोरून एक, बाजूने एक. दवाखान्यात शिरलं की इतर कुत्र्यांच्या वासाने ते इतकं उतावीळ होतं की लंगडायचंच विसरतं, आणि डॉक्टरांना बघायला काही उरत नाही.