नुसतं मशीन वेगळं करून भागत नाही

डायलिसिसला (मशीनने रक्त शुद्ध करताना) हेपटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा आजार, असलेल्या पेशंटला वेगळं मशीन दिलं की संसर्ग थांबतो असं या विषयावरच्या लेखात म्हटलंय, ते अर्धंच आहे, कारण हा विषाणू सुकलेल्या रक्तात बाहेरसुद्धा किमान 7 दिवस टिकतो, म्हणजे खुर्चीचा हात, बीपीचा पट्टा, क्लॅम्प (नळी बंद करायचा चिमटा) सगळंच आलं. बाबांना मी डिचोलीहून डायलिसिसला नेते, तिथे एक शिफ्ट उठली की दुसरी लगेच आत, खुर्ची नीट पुसायला वेळच नसतो आणि त्याच ग्लोव्हजनी दुसऱ्या पेशंटला हात लावलेला मी स्वतः बघितलाय. सिस्टर तरी काय करणार, माणसंच कमी.

आणि लसीचं तर नावच नाही लेखात! डायलिसिसवाल्यांना हेपटायटिस बीची लस दुप्पट डोसची लागते, मग दरवर्षी अँटीबॉडी तपासायच्या, 10 mIU/mL च्या खाली गेल्या तर बूस्टर. आम्हाला हे विचारल्यावरच कळलं.