‘सोसेल तितका गरम शेक’ म्हणे!

‘मणक्याचा पेशंट ९० दिवसांत चालवा, डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ असा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आमच्या फॅमिली ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण परवा वहिनीने तोच मला पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, ‘भावोजी, आपलं काही चुकतंय का?’

दादा गेल्या वर्षी मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला. छातीच्या मध्यापासून खाली त्याला काही कळत नाही. तेव्हापासून रात्री उठून त्याची कूस बदलणारी, लघवीचं वेळापत्रक सांभाळणारी ही बाई. आता तिलाच अपराधी वाटायला लागलंय, म्हणून हे लिहायला बसलो.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी घेतो. पायांना आणि कमरेला रोज दोन वेळा खड्या मिठाच्या पुरचुंडीने ‘सोसेल तितका गरम’ शेक द्या, असं त्यात आहे. अहो, कुणाला सोसेल तितका? ज्याला पाय भाजतोय हेच कळत नाही, त्याला सगळंच सोसतं! चटका बसला की आपण हात मागे घेतो, कारण निरोप मेंदूपर्यंत पोचतो. इथे तो निरोप मज्जारज्जूतच अडतो. थंडीत भेटायला आलेल्या एका नातलगाने मायेपोटी दादाच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली. दादा मजेत गप्पा मारत होता, चहा पीत होता. पांघरूण बाजूला केलं तर टाचेवर रुपयाएवढा फोड. तो भरेपर्यंत टाचेवर जरासुद्धा दाब द्यायचा नव्हता, मग कसले बूट आणि कसला उभं राहण्याचा सराव. अशा कातडीवरची जखम भरायला फार वेळ घेते आणि चिघळली तर थेट हाडापर्यंत जाते.

हे मी मनाचं सांगत नाही. मज्जारज्जूच्या इजेवर जागतिक आरोग्य संघटनेचा २०१३ चा मोठा अहवाल आहे. अशा माणसांना अकाली मृत्यूचा धोका इतरांच्या दोन ते पाच पट असतो, असं तो सांगतो. श्रीमंत देशांत चिघळलेल्या जखमांमधला संसर्ग आता मृत्यूच्या मुख्य कारणांत राहिलेला नाही. गरीब देशांत टाळता येण्याजोगी तीच कारणं अजून माणसं मारतात. म्हणजे इजेइतकीच नंतरची हेळसांड जिवावर उठते, आणि हा मेसेज त्या हेळसांडीचीच पाककृती आहे.

दुसरा मुद्दा लघवीच्या नळीचा. ‘महिन्यात नळी काढून टाका, नाहीतर किडनी आळशी होते, आणि पाणी कमी पाजा.’ यात अर्धं खरं आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. कायमची नळी संसर्ग आणते, म्हणून तर शक्य असेल तिथे डॉक्टर स्वतःच ती काढून दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढायला शिकवतात. पण नुसती काढून टाकायची आणि देवावर हवाला? मूत्राशय तुंबतं, दाब उलटा किडनीवर जातो. शिवाय इजा छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल तर तुंबलेल्या मूत्राशयाने रक्तदाब एकदम भडकू शकतो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी माणसाला ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी असेल तर कुठे मुडपलीय का पाहायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. पाणी किती द्यायचं हेही डॉक्टरच ठरवतात. मनाने कमी केलं की संसर्ग, खडे, बद्धकोष्ठ, सगळंच मागे लागतं.

पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक चिघळलेल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानेच गेले. १९४४ पासून इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात डॉ. लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलायचा आणि मूत्राशय जपायचा हट्ट धरला, तेव्हा माणसं जगायला लागली. वहिनी रात्री गजर लावून उठते ती याचसाठी.

‘पिंढरीतल्या गाठी तेल लावून रगडून मोकळ्या करा.’ हलक्या हाताने सांधे हलवणं फिजिओथेरपिस्टच शिकवतात, ते करावंच. पण पहिल्या काही महिन्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. एकच पाय सुजलाय, गरम लागतोय, तर रगडू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर ९० दिवस मोजायला माणूस राहणार नाही.

‘पाय उडायला लागला म्हणजे नस जागी झाली.’ नाही. इजेच्या खालचा मज्जारज्जू मेंदूला न विचारता स्नायूला झटके देतो. ते अचानक वाढले तर संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा नवी जखम शोधायची, पेढे वाटायचे नाहीत.

‘व्हीलचेअरवर बसवलं की माणूस खुर्चीचाच होतो.’ मेजर अहलुवालिया १९६५ मध्ये एव्हरेस्टवर चढले, त्याच वर्षीच्या युद्धात गोळी लागली आणि पुढचं आयुष्य व्हीलचेअरवर गेलं. दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर त्यांनी तिथूनच उभं केलं. लांब कशाला, पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये जाऊन बघा. खुर्ची नसेल तर उरतो पलंग आणि छत.

राहिला ‘घरच्यांची इच्छाशक्ती’ हा मुद्दा. काही पेशंट चालतात, हे खरं. मज्जारज्जूची इजा अपूर्ण असेल, म्हणजे इजेच्या खाली थोडी संवेदना किंवा हालचाल उरली असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत, वर्षभरात बरीच ताकद परत येऊ शकते. ती किती येईल हे मुख्यतः इजा किती खोल आहे यावर ठरतं, बायकोने किती मनावर घेतलं यावर नाही. वहिनीला मी हेच कळवलंय, तुझं काही चुकत नाहीये.

ग्रुपवरच्या ज्या कुणाला पुण्य कमवायचंय, त्यांनी शनिवारी रात्री आमच्याकडे मुक्कामाला यावं. कूस कशी बदलायची, टाचा आणि माकडहाड कसं तपासायचं, हे वहिनी दाखवेल आणि आत जाऊन झोपेल. या शनिवारी मी आहे. पुढचे सगळे मोकळे आहेत.