सोप्या उताऱ्यांची बाजू

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा आधी देते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते कळेल. इंग्रजी अर्धवट राहिलेल्या मोठ्या माणसांसाठी मी दोनशे शब्दांचे सोपे इंग्रजी उतारे देते. त्यांतला औषधाच्या पाकिटावरच्या इंग्रजीचा उतारा आणि अमेरिकन कथाकार ओ. हेन्रीच्या कथेचं सोपं रूप, या दोन्हींवर तुमचा राग आहे. तुमचं म्हणणं असं: दोनशे शब्दांचे तुकडे वाचून भाषा येत नाही. मूळ कथा पातळ करून देणं हा लेखकाचा अपमान आहे. शब्दार्थ मराठीत हातात ठेवल्याने वाचक आळशी होतो, त्याने डिक्शनरी उघडावी. लोकांना इंग्रजी बोलायचं असतं आणि ते वाचून जमत नाही. शिवाय तुमच्या काळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून घेत, म्हणून तुमची वाक्यं आजही चुकत नाहीत.

तर्खडकरांपासून सुरू करते, कारण तिथे आपलं भांडण फार नाही. भाषांतर पाठमालेने कितीतरी पिढ्यांना इंग्रजी वाक्याचा सांगाडा दाखवला. मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत अशी उलटसुलट वाक्यं करता करता क्रियापद कुठे बसतं, 'हॅज' कधी आणि 'हॅड' कधी, हे अंगवळणी पडायचं. ज्याला आवडेल त्याने आजही ती जरूर करावी. पण त्यातलं एक वाक्य संपलं की त्यातली माणसंही संपतात. 'अ' आणि 'द' यांचंच घ्या. मराठी माणूस इंग्रजीत आयुष्यभर कुठे अडखळत असेल तर तिथे, कारण आपल्याकडे हा प्रकारच नाही. सुट्या वाक्यात 'अ मॅन' की 'द मॅन' हे कसं ठरवणार? आधीच्या वाक्यात कुणीतरी माणूस आला आणि पुढच्यात तोच पुन्हा आला, तर 'द'. म्हणजे हा नियम दिसायलासुद्धा लागोपाठची दोन वाक्यं लागतात. दोनशे शब्दांच्या उताऱ्यात तो दहा-पंधरा ठिकाणी दिसतो, आणि कुणी न सांगता दिसतो.

आता हे उतारे कुणासाठी आहेत ते. आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत पाचवीला एबीसीडी सुरू व्हायची. त्या पिढीतला जो माणूस दहावीनंतर शिक्षणातून सुटला, त्याच्याकडे इंग्रजी आहे, पण अर्धवट. पाट्या वाचता येतात, बँकेच्या मेसेजमधला आकडा कळतो, पण अख्खा परिच्छेद समोर आला की तो कागद मुलीच्या हातात देतो. तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा विद्यार्थी हा नव्हे, सर. तो तुमच्याकडून शिकून पुढे गेला, त्याला माझी गरज नाही.

या मधेच सुटलेल्या माणसाचा विचार शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात झाला होता. मायकेल वेस्ट नावाचा इंग्रज अधिकारी भारतीय शिक्षण सेवेत होता, ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य. बंगालमधल्या द्विभाषिक शिक्षणावरचा त्याचा अहवाल १९२६ साली प्रसिद्ध झाला. त्याने पाहिलं की बरीच मुलं मधेच शाळा सोडतात आणि अभ्यासक्रम मात्र शेवटपर्यंत टिकणाऱ्याच्या हिशेबाने आखलेला असतो. चार वर्षं इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती काही म्हणजे काही लागत नाही. यासाठी त्याने विम्याच्या व्यवहारातला शब्द उचलला, 'सरेंडर व्हॅल्यू'. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर किती मिळतं, हे आपल्याकडे एलआयसीच्या कृपेने घरोघरी ठाऊक आहे, त्यामुळे जास्त समजावत नाही. वेस्टचं उत्तर होतं, वाचन आधी. बोलण्यापेक्षा वाचन लवकर हाती येतं आणि पुढे शिक्षक नसला तरी एकट्याने वाढवता येतं.

वेस्टने आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या उताऱ्यांचा सगळा आधार तीच आहे. वाचनपुस्तकांत नवे शब्द त्याने मोजून मापून, अंतरा-अंतराने पेरले आणि एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा आणला. १९५३ साली त्याने सुमारे २००० सर्वाधिक उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा चार-पंचमांश भाग अशा दोन हजार शब्दांत येतो. ऐंशी टक्के ऐकायला भरपूर वाटतात. पण त्याचा अर्थ दर पाच शब्दांमागे एक अनोळखी, म्हणजे एका ओळीत दोन-तीन. भाताच्या प्रत्येक घासाला दोन-तीन खडे लागले तर माणूस ताट सरकवतो, तांदूळ कितीही चांगला असला तरी.

मग किती खडे चालतात? न्यूझीलंडचे भाषा-अभ्यासक पॉल नेशन यांनी या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. हू यांच्यासोबतच्या २००० सालच्या अभ्यासात त्यांनी दाखवलं की कुणाची मदत न घेता गोष्ट नीट कळायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. पन्नासात एक अनोळखी. माझा उतारा दोनशे शब्दांचा असतो तो याच हिशेबाने, त्यात चार, फार तर पाच शब्द नवे. तुम्हाला तो बालिश वाटतो कारण तुमच्यासाठी त्यात एकही नवा शब्द नाही. आणि नेशन यांचाच दुसरा हिशेब सांगतो की मूळ इंग्रजी कादंबरी त्या ९८ टक्क्यांच्या सुखाने वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ) ठाऊक असावी लागतात. दोन हजारवाल्याला 'थेट मूळच वाच' असं सांगितलं तर तो दुसऱ्या पानावर पुस्तक मिटेल आणि 'आपल्याला इंग्रजी जमत नाही' हे त्याचं मत आणखी पक्कं होईल.

डिक्शनरीचा मुद्दा यातच आला. उताऱ्यात चारच शब्द अडणार असतील तर त्यांचे अर्थ शेजारी देऊन वाचन चालू ठेवणं मला जास्त मोलाचं वाटतं. डिक्शनरी नवशिक्याला एका शब्दाचे सात अर्थ देते आणि त्यातला इथला कोणता, हे ओळखायला आधी वाक्य कळावं लागतं. ज्याला वाक्य कळतं त्याच्यासाठी ती उत्तम आहे.

आता ओ. हेन्री. इथे तुमचं बोलणं मला लागलं, कारण ही कथा माझीही आवडती आहे.

'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' १९०५ सालची. न्यूयॉर्कमधलं गरीब जोडपं, नाताळची आदली रात्र, डेलाकडे एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट. कथेची सुरुवात त्या आकड्यानेच होते, किती सोपी. पण त्याच पहिल्या परिच्छेदात वाणी, भाजीवाला आणि खाटीक यांच्याशी घासाघीस करून एकेक पेनी वाचवल्याचं सांगताना लेखक 'सायलेंट इम्प्युटेशन ऑफ पार्सिमनी' (कंजूषपणाचा मूक आरोप) असा शब्दप्रयोग करतो. माझ्या रूपात डेला भाजीवाल्याशी भाव करते आणि तिला लाज वाटते, एवढंच आहे. गेलं काय? लेखकाचा तो मिश्कील थाट गेला. फाटक्या संसाराचं वर्णन दरबारी इंग्रजीत करून तो जी गंमत आणतो, ती गेली. हे नुकसान खरं आहे, आणि म्हणूनच प्रत्येक रूपांतराच्या माथ्यावर 'मूळ कथेवरून, सोपी करून' असं लिहिते.

आणि उरलं काय? कथा उरली. डेला केस विकते, वीस डॉलर येतात, नवऱ्याच्या, जिमच्या घड्याळासाठी एकवीस डॉलरची साखळी घेते आणि सत्त्याऐंशी सेंट घेऊन घरी येते. जमाखर्च अगदी चोख, वाचकाने तो कागदावर मांडून पाहावा म्हणून मी प्रश्नही तसाच दिला होता. तिकडे जिमने तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात. हा पेच कळायला 'पार्सिमनी' लागत नाही. आणि तो कळलेला माणूस पुढे कधी मूळ कथा उघडेल तेव्हा गोष्ट आधीच ओळखीची असेल, त्याला फक्त भाषेशी झटायचं राहील. वाटेतली निम्मी अडचण तिथेच संपते.

अपमानाचं म्हणाल, तर चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांनी १८०७ साली शेक्सपिअरची नाटकं मुलांसाठी गोष्टीरूपात लिहिली. आपल्याकडे कितीतरी लोकांची हॅम्लेटशी पहिली ओळख त्या पुस्तकातून झाली, आणि त्यातले काहीच पुढे मूळ नाटकाकडे गेले. बाकीच्यांना निदान हॅम्लेट कोण ते माहीत आहे. शेक्सपिअरचं त्यात काय बिघडलं, ते मला अजून दिसलेलं नाही.

औषधाच्या पाकिटाबद्दल तुम्ही विचारलंत, 'हे काय साहित्य?' नाही, साहित्य नाही. पण त्या लाल रेषेशेजारचा इशारा पाहा: 'नॉट टू बी सोल्ड बाय रिटेल विदाउट द प्रिस्क्रिप्शन ऑफ अ रजिस्टर्ड मेडिकल प्रॅक्टिशनर'. हे वाक्य घरातल्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि बहुतेकांनी ते कधीच पूर्ण वाचलेलं नसतं. त्यात कर्मणि रचना आहे, 'बाय', 'विदाउट' आणि 'ऑफ' तिघंही आपापल्या जागी आहेत, आणि 'नॉट' आणि 'विदाउट' असे दोन नकार एकाच वाक्यात का आले यावर वर्गात एक तास घेता येईल. मुख्य म्हणजे वाचणाऱ्याला त्याची गरज आहे. गोळी जेवणाआधी की नंतर, हे चुकीचं वाचलं तर तब्येतीवर बेततं, नुसते गुण जात नाहीत. मी रोजच्या व्यवहारातले आणि साहित्यातले उतारे आळीपाळीने देते ते यासाठी. पहिल्या प्रकारात शब्द लगेच कामाला येतात. दुसऱ्यात 'पुढे काय झालं' म्हणून माणूस पान उलटतो. नुसते व्यवहाराचे उतारे दिले तर दोन आठवड्यांत कंटाळा येतो, आणि नुसत्या गोष्टी दिल्या तर 'याचा मला उपयोग काय' असा प्रश्न येतो. दोन्ही तक्रारी रास्त आहेत.

वाचून बोलता येत नाही, या तुमच्या वाक्याला मात्र मी पुरावा पुढे करते. १९८०च्या सुमारास फिजीमध्ये वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई यांनी एक प्रयोग केला. खेड्यांतल्या प्राथमिक शाळांतल्या काही वर्गांना इंग्रजी गोष्टींची भरपूर पुस्तकं दिली आणि बाकीचे वर्ग नेहमीच्या पद्धतीने, ठरलेली वाक्यं घोकत शिकत राहिले. आठेक महिन्यांत पुस्तकवाल्या मुलांची प्रगती वाचनात आणि ऐकून समजण्यातही साधारण दुप्पट वेगाने झालेली दिसली. दुसऱ्या वर्षी तो फायदा लेखनापर्यंत पोचला. त्यांच्यापैकी काही वर्गांत मुलं शिक्षकासोबत मोठ्याने गोष्ट वाचत होती, काहींत नुसती आपापली वाचत होती.

अर्थात इंग्रजी स्पेलिंग लबाड आहे आणि एकट्याने वाचणारा त्यात फसतो. नुसत्या डोळ्यांनी शिकलेला माणूस पावतीला 'रिसीट'ऐवजी 'रिसिप्ट' म्हणतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून प्रत्येक उताऱ्यासोबत आवाजातली फाइल असते. आधी ऐका, मग सोबत वाचा, मग एकटे मोठ्याने वाचा, असं तिथे लिहिलेलंही आहे. संभाषणाचा सराव त्याने पुरा होत नाही, त्याला दुसरं माणूसच लागतं. पण ज्याच्या पोटात वाक्यं नाहीत त्याला 'बिनधास्त बोला' सांगणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, आणि तिथून 'माय नेम इज' पाठ करून परतणारे मी बरेच पाहिले आहेत.

राहिला तुमचा सगळ्यात वजनदार आक्षेप, छोट्या तुकड्यांचा. इथे आकडे तुमच्या बाजूने बरेच झुकतात. रोज दोनशे शब्द वाचले तर वर्षाला त्र्याहत्तर हजार होतात. नेशन यांच्या अंदाजानुसार, जास्त वापरापासून कमी वापराकडे शब्द लावले तर दुसऱ्या हजारातले शब्द डझनभर वेळा भेटावेत, म्हणजे ते मनात रुजतील, यासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास शब्दांचं वाचन लागतं, आणि तिसऱ्या हजारासाठी सुमारे तीन लाखांचं. माझ्या उताऱ्यांच्या वेगाने तिथे पोचायला वर्षं लागतील. म्हणजे सवय लागली, परिच्छेदाची भीती गेली, की उतारे सोडून चढत्या पायऱ्यांच्या पुस्तकांकडे वळलं पाहिजे. ऑक्सफर्डच्या बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीची पुस्तकं ४०० वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेली आहेत, दुसरीची ७००, तिसरीची १०००, आणि सहावीची २५०० शब्दांत. पहिल्या पायरीचं पुस्तक तासा-दीड तासात संपतं. अख्खं इंग्रजी पुस्तक संपवल्याचा आनंद चाळिशीतल्या माणसाला काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

या मधल्या टप्प्यासाठीच पुढच्या महिन्यापासून एकच गोष्ट आठ भागांत द्यायचा विचार आहे, भाग थोडे लांब, नवे शब्द तेवढेच. ओ. हेन्री १९१० साली गेला, त्यामुळे त्याच्या कथा स्वामित्व हक्कातून मोकळ्या आहेत. पण दुसरा कुणी चालेल, लेखक तितकाच जुना हवा, पात्रं चार-पाचच हवीत आणि पानभर निसर्गवर्णन नको. तुमच्या वर्गात मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जी गोष्ट कान देऊन ऐकायची, ती कोणती होती? नाव कळवलंत तर सुरुवात तिनेच करते. रूपांतर झालं की आधी तुम्हाला पाठवीन, लाल पेन तयार ठेवा.