मोठं आवार म्हणजे बसून चालवायचंच मशीन? त्या मेसेजला उत्तर

पावसाला सुरुवात झाली की साताऱ्यातल्या फार्महाउसवाल्यांच्या आणि शाळा-सोसायट्यांच्या गटांत दरवर्षी एक मेसेज फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘अर्ध्या एकराच्या वर आवार असेल तर राइड-ऑन मोव्हर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, डोळे झाकून घ्या. कमरेएवढं गवत एका फेरीत साफ. एचपी जास्त ते मशीन चांगलं. डेक जितका रुंद तितका वेळ कमी. झिरो टर्न घेतलंत तर डोंगरउतारावरही पळतं. आणि सीटखालचा स्विच काढून टाका, सारखं बंद पडायचं थांबेल.’ (डेक म्हणजे मशीनखालचं पात्यांवरचं झाकण, त्याची रुंदी तीच कापायची रुंदी. झिरो टर्न म्हणजे जागच्या जागी वळणारा राइड-ऑन.)

मी लहान इंजिनांची दुरुस्ती करतो. ब्रश कटर (खांद्याला अडकवून हातानं फिरवायचं गवत कापायचं यंत्र) आणि पॉवर टिलर जास्त येतात, अधूनमधून एखादा मोव्हर येतो. या मेसेजवर विसंबून काही लाखांची खरेदी केलेली माणसं मी पाहिली आहेत. एवढ्या पैशांत घरातलं एखादं मोठं काम निघालं असतं, म्हणून वाईट वाटतं.

कमरेएवढ्या गवतापासून सुरुवात करतो, कारण सगळी चूक तिथूनच सुरू होते. मोव्हर हे हिरवळीचं यंत्र आहे. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंगनं पहिला मोव्हर बनवला, तो कापड गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. आजचं आडवं फिरणारं पातं वेगळं असलं तरी मागणी तीच आहे: आखूड, एकसारखं, कोरडं गवत. एका वेळी उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नये, हा हिरवळीचा साधा नियम. तीन इंच गवत ठेवायचं तर साडेचार इंच होण्याच्या आत मशीन फिरायला हवं. आता मेढा किंवा पाटणकडचा आषाढ-श्रावण डोळ्यांसमोर आणा. गवत आठवड्यात हातभर वाढतं आणि पाऊस मशीन बाहेर काढू देत नाही. उघडीप मिळेपर्यंत गवत मांडीला लागलेलं असतं. तशात मोव्हर घातला की ओलं गवत डेकखाली लगद्यासारखं चिकटतं, पट्टा घसरून जळतो आणि गवत कापलं जाण्याऐवजी लोळतं.

शिवाय त्या गवतात काय दडलंय ते दिसत नाही. अमेरिकी मानकानुसार पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी सुमारे ३५० किलोमीटर. जावळीतल्या एका फार्महाउसवरून माझ्याकडे मशीन आलं होतं. गवतातल्या दगडावर पातं बसून स्पिंडलचा, म्हणजे पातं ज्यावर फिरतं तो, दांडा वाकला होता. बेअरिंग ६२०४ नंबरचं, ते सातारच्या बेअरिंगच्या दुकानात लगेच मिळालं. दांडा आणि स्पिंडलचं घर मागवावं लागलं, आणि ते येईपर्यंत मशीन महिनाभर शेडमध्ये उभं राहिलं.

वर्षातून दोनदा-तीनदाच गवत काढायचं असेल, तर त्याचं अवजार वेगळं आहे. वीस-पंचवीस गुंठ्यांपर्यंत तीन दातांचं लोखंडी पातं लावलेला ब्रश कटर पुरतो, फक्त डोळ्यांवर जाळी आणि पायात गमबूट हवेत. त्याहून मोठं, बऱ्यापैकी सपाट आवार असेल तर मिनी ट्रॅक्टरमागे स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचं उंच गवत कापायचं अवजार. तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत चालतात तसले वीस-पंचवीस एचपीचे ट्रॅक्टर. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे मिनिटाला ५४० फेरे फिरणाऱ्या दांड्यावर, स्लॅशर फिरतो, आणि उरलेलं वर्ष तोच ट्रॅक्टर फवारणीला, ट्रॉलीला कामाला येतो. मोव्हर उरलेलं वर्ष नुसता उभा असतो. आणि शेजारी कुणाकडे जनावरं असतील तर त्यांना आधी विचारा. कापून न्या म्हटलं तर ते विळा घेऊन येतील, तुमचं रान मोकळं होईल आणि त्यांच्या गोठ्यात वैरण जाईल. मोव्हरखालून निघालेला चुरा मातीत मिसळतो, तो जनावराच्या तोंडी लागत नाही.

अर्ध्या एकराची रेघ कुठून आली, कळत नाही. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. माणमधल्या दहिवडीतलं दोन एकरांचं आवार आणि महाबळेश्वरजवळच्या तापोळ्याकडचं दोन एकरांचं आवार यांना एकच मशीन सुचवणाऱ्यानं दोन्ही ठिकाणं पाहिलेली नाहीत.

एचपीबद्दल थोडक्यात. ४२ इंची डेकला सतरा ते वीस एचपी भरपूर होतात. पातं बोथट असेल तर पंचवीस एचपीसुद्धा गवत ओरबाडतं आणि दुसऱ्या दिवशी शेंडे तपकिरी दिसतात. धार लावली की पातं मधल्या भोकातून खिळ्यावर टांगा. एक बाजू खाली गेली तर ती बाजू आणखी घासा, नाहीतर थरथरीनं बेअरिंग जातं.

रुंदीचं गणित मात्र सपाट, मोकळ्या मैदानावर खरं आहे. ४२ इंची डेक ताशी पाच किलोमीटरनं चालवला तर कागदावर तासाला ५३ गुंठे होतात, वळणं आणि फेऱ्यांचा ओव्हरलॅप धरून चाळीसेक पदरात पडतात. ५४ इंची डेकचे कागदावर ६८. शाळेचं फुटबॉलचं मैदान असेल तर जरूर रुंद घ्या, तिथे राइड-ऑन खरोखर शोभतो. पण आवारात आंबे-नारळ असतील, बाजूचं फाटक चार फुटी असेल, तर ५४ इंची मशीन आत शिरणारसुद्धा नाही. टेप घेऊन आधी फाटक मोजा.

उताराच्या मुद्द्यावर मला कळकळीनं सांगायचं आहे. झिरो टर्नची पुढची चाकं खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात. वळणं आणि थांबणं, दोन्ही मागच्या दोन चाकांच्या वेगावर चालतं. ओल्या गवतावर मागचं चाक घसरलं की वळणंही गेलं आणि ब्रेकही गेला. उतरताना वजन पुढे झुकतं आणि मागच्या चाकांची पकड आणखी सुटते. लॉन ट्रॅक्टरच्या, म्हणजे स्टिअरिंगनं वळणाऱ्या राइड-ऑनच्या, पुस्तिकांत साधारण १५ अंशांची मर्यादा असते, काही झिरो टर्नना १० अंशांची. ती मोजायला गवंड्याची पाणसळ पुरते: एक मीटर लांबीची फळी उताराच्या वरच्या टोकाला टेकवून आडवी समतल धरा आणि खालच्या टोकापाशी जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. १८ सेंटिमीटर म्हणजे १० अंश, २७ म्हणजे १५. जावळी-पाटणच्या कितीतरी आवारांत हा आकडा सहज ओलांडला जातो. लॉन ट्रॅक्टर असेल तर चढ-उताराच्या दिशेनं चालवा, आडवा नको. तालीच्या, म्हणजे बांधाच्या, कडेपासून निदान दोन मशीन मावतील एवढं लांब राहा. त्या पट्ट्यातलं गवत ब्रश कटरनं काढा.

शेवटी स्विच. चालक सीटवरून उठला की इंजिन बंद पडतं आणि पातं काही सेकंदांत थांबतं, ते या स्विचमुळे. चालक खाली पडला, मशीन कलंडलं, किंवा तो अडकलेलं गवत काढायला उतरला, तेव्हा त्याचे हातपाय वाचवणारी हीच गोष्ट आहे. आपल्याकडे आवारात पोरं खेळत असतात, नातवंडाला मांडीवर घेऊन फेरी मारायची हौस असते. ती फेरी कधीही मारू नका. मशीन बसल्या बसल्या बंद पडत असेल तर स्विचचा कनेक्टर ओलसर किंवा सैल झालेला असतो, नाहीतर सीटची स्प्रिंग बसलेली असते. हे तासाभराचं काम आहे. तार जोडून स्विच कायमचा बाद करून द्या, असं सांगणारी गिऱ्हाइकं येतात. त्यांना मी नाही म्हणतो आणि स्विच दुरुस्त करून देतो.

ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला असेल, त्यांनी बाकी काही नाही तरी त्याच गटात आजच एवढं लिहा: सीटखालचा स्विच काढू नका.